लाकूड नसलेला लाकडी पूल

विंचूरहून पुण्याला सहल न्यायची म्हटलं की यादी ठरलेली असते. शनिवारवाडा, पर्वती, केळकर संग्रहालय, आणि वेळ उरला तर सिंहगड. त्या यादीत एके वर्षी मी लाकडी पूल घातला, तेव्हा सहकारी शिक्षक हसले. पुलात बघायचं काय? गाड्या जातात, गाड्या येतात.

मुलांचाही सुरुवातीला हिरमोडच झाला. डेक्कनच्या बाजूनं आम्ही पुलाच्या तोंडाशी पोहोचलो, कठड्यापाशी रांगेत उभे राहिलो, आणि एकानं विचारलं, "सर, लाकूड कुठाय?" पुलाला लाकडाचं एक फळकुटही नाही. पाटीवर नाव छत्रपती संभाजी पूल. रिक्षावाला मात्र 'लाकडी पूल' म्हटल्याशिवाय ओळखत नाही. आपल्याकडे नाशिकला गोदावरीवरच्या पुलाचंही तसंच आहे. कागदोपत्री तो अहिल्यादेवी होळकर पूल, लोकांच्या तोंडी व्हिक्टोरिया पूल. वस्तू जाते, नाव मागे राहतं. इतिहासाच्या तासाला असं नाव हा पहिला पुरावा म्हणून वापरता येतो. इथे कधीतरी लाकडाचा पूल होता, एवढं ते नाव सांगतं. तो कधी बांधला आणि का बांधला, हे मात्र नाव सांगत नाही.

ते 'का' आपल्याला दंतकथा सांगते. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. जे थोडे जीव वाचवून परतले, त्यांना गावाच्या मुख्य वाटेनं लोकांसमोर यायची लाज वाटत होती. म्हणून नानासाहेब पेशव्यांनी मुठेवर घाईघाईनं लाकडाचा वेगळा पूल घालून दिला, असं पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. ही गोष्ट मी पुलावरच सांगितली. ती संपते न संपते तोच आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मग आपले विंचूरकर पण पळून आले होते का?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता, पण विंचूरच्या पोरांनी तो विचारायलाच हवा होता. विंचूरकर घराण्याचे मूळपुरुष विठ्ठल शिवदेव पानिपतावर होते. मराठ्यांच्या डाव्या बाजूला इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी होत्या, आणि त्यांच्या जोडीला दमाजी गायकवाड व विठ्ठल शिवदेव. समोर रोहिले होते. दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडले, फळी मोडली आणि ज्याला जमलं तो निघाला. विठ्ठल शिवदेव त्या निघालेल्यांत होते. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. पण ती यादी पुरती वाचली पाहिजे. मल्हारराव होळकर परतले. महादजी शिंदे पायाला कायमची जखम घेऊन परतले, आणि दहा वर्षांनी, 1771 मध्ये, दिल्लीत मराठ्यांचा वचक पुन्हा बसवणाऱ्यांत तेच पुढे होते. एकोणीस वर्षांचेही न झालेले नाना फडणीस वेष पालटून, उपाशीतापाशी परतले. तो प्रवास त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवला आहे. हे सगळे तिथेच मेले असते तर पुढच्या चाळीस वर्षांचा मराठ्यांचा इतिहास कोणी घडवला असता? 'पळून आले' आणि 'परत आले' यांत कोणता शब्द वापरायचा, हे मी मुलांवर सोडलं. परतीच्या एसटीत त्यावरून बराच वाद झाला.

आता दंतकथेकडे. ती खरी की खोटी, हे एका वाक्यात सांगण्यापेक्षा तिची तपासणी मुलांकडून करून घ्यावी. आम्ही पुलाजवळच्या फुटपाथवर बसून ती केली. पराभवाची बातमी नानासाहेबांना जानेवारीच्या अखेरीस माळव्यात, भेलशाच्या आसपास मिळाली. काही आठवडे ते उत्तरेतच थांबले आणि 23 जून 1761 रोजी पर्वतीवर वारले. म्हणजे त्यांनी पुण्यात येऊन पूल घालायला सांगितलं असेल, तर हाताशी उन्हाळ्याचे जेमतेम दोनतीन महिने होते. दगडाचा पूल तेवढ्यात होत नाही, लाकडाचा होऊ शकतो. इथवर गोष्ट जुळते.

पण उन्हाळ्यात मुठेला पाणी किती असणार? तेव्हा वर खडकवासल्याचं धरण नव्हतं, ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. पावसाळा संपला की नदी आटत जाणार आणि वैशाखात ती बहुधा गुडघ्याएवढ्या पाण्यातून ओलांडता येणार. ज्याला लपून यायचं आहे, त्याला पूल कशाला हवा? शिवाय पूल म्हणजे सगळ्यांच्या नजरेसमोरची जागा! पुलाची खरी गरज पावसाळ्यात, आणि ती गावात राहणाऱ्यांना. शहर तेव्हा पश्चिमेकडे वाढत होतं. सदाशिव पेठ, नारायण पेठ ही नावंच पेशवे घराण्यातल्या माणसांची आहेत. पलीकडच्या तीरावर एरंडवण्यासारखी खेडी होती. भाजी, गवत, सरपण रोज नदीपार करून यायचं. मला स्वतःला हे कारण अधिक पटतं. मग लाजेची गोष्ट कुठून आली? घराघरातला माणूस गेलेल्या गावाला दुःख ठेवायला एखादी जागा लागते. त्या वर्षाच्या आसपास उभा राहिलेला पूल ती जागा झाला असावा. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही, हेही मी मुलांना सांगितलं.

लाकूड टिकलं नाही, यात नवल नाही. लाकूड कायम कोरडं ठेवा, पुष्कळ टिकतं. कायम पाण्याखाली ठेवा, तरी टिकतं. व्हेनिस शहराच्या इमारती अशाच बुडालेल्या खांबांवर उभ्या आहेत. घात होतो तो पाण्याच्या पातळीवर, जिथे खांब कधी ओला तर कधी सुका असतो. कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात, आणि तिथे दोन्ही मिळतात. त्यात पुराचा मारा. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की खांबावरचा रेटा चौपट होतो, आणि वाहून आलेली झाडं खांबांत अडकली की रेटा घ्यायला आणखी मोठी भिंतच तयार होते. मुठेवरचा लाकडी पूल असाच पुरात गेला आणि 1840 च्या दशकात इंग्रजांनी त्या जागी दगडी कमानींचा पूल बांधला. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबूनच उभा असतो, म्हणून ती जमते. पाचसहा पुस्तकं पाचरीसारखी लावून आणि दोन मुलांना दोन बाजूंनी धरायला लावून हे वर्गात दाखवता येतं.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं, त्या पाण्यानं खडकवासल्याचं धरणही फोडलं आणि लाकडी पुलावरून पाणी वाहिलं. पानिपतानंतर बरोबर दोनशे वर्षांनी.

आज पुलाच्या वरून मेट्रोचा मार्ग गेला आहे. लक्ष्मी रस्त्यानं येणारी गणपतीची मिरवणूक अलका टॉकीजच्या चौकात, म्हणजे पुलाच्या तोंडाशी पोहोचते. त्यामुळे 2021 मध्ये मेट्रोच्या उंचीला उंच रथ अडतील, अशी हरकत काही मंडळांनी घेतली आणि काम काही काळ थांबलं. ऑगस्ट 2023 पासून तिथून गाडी धावते. हे सांगायचं कारण असं की इथून थोडं चाललं की सदाशिव पेठेत विंचूरकर वाड्याची जागा येते. टिळक त्या वाड्यात राहत होते आणि 1894 मध्ये त्यांनी तिथे सार्वजनिक गणपती बसवला. आपल्या गावाचं नाव पुण्याच्या मध्यावर पाहून मुलं जी खूश झाली, तेवढी शनिवारवाड्यातही झाली नाहीत.

सहल नेणाऱ्यांसाठी एक सूचना. मुठेवरचा बैठा भिडे पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि तो बघायला गर्दी होते. ती लांबूनच बघावी. 15 जून 2025 रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार माणसं गेली. खेटून उभ्या असलेल्या गर्दीत एका चौरस मीटरवर चार माणसं सहज मावतात. माणशी 60 किलो धरले तर 240 किलो. दीड मीटर रुंद आणि 30 मीटर लांब पादचारी पुलावर हा भार होतो 10,800 किलो. हे गणित मुलांना पूल पाहायला नेण्याच्या आदल्या दिवशी फळ्यावर करून घ्यावं. आम्ही ते तेव्हा केलं नव्हतं. आता करतो, आणि पुलावर एका वेळी दहाच मुलं सोडतो.

त्या मुलीनं सहलीच्या वहीत पुलाचं चित्र काढलं होतं, लाकडाचं. खाली नदीत गुडघाभर पाणी, आणि पाण्यातून चालत येणारा एक घोडेस्वार. पूल वर रिकामाच.