व्हॅन्सेनचे पितृत्व

पॅरिसच्या आठव्या क्रमांकाच्या विद्यापीठाची कुळी मे 1968च्या विद्यार्थी-उठावापासून सांगायची प्रथा आहे. कागद वेगळे बोलतात. त्या जूनच्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष द गॉल यांचा पक्ष प्रचंड बहुमताने परत आला आणि त्यांच्याच सरकारातले शिक्षणमंत्री एदगार फोर यांनी व्हॅन्सेनच्या वनात 'प्रायोगिक विद्यापीठ केंद्र' काढले; तेच पुढे हे विद्यापीठ झाले. जमीन पॅरिस शहराची, दहा वर्षांच्या कराराने घेतलेली. इमारती तयार भाग जोडून काही महिन्यांत उभारलेल्या. जानेवारी 1969 मध्ये वर्ग भरले. उठावाने सरकारला घाबरवले हे खरे, पण पैसा, जागा आणि हुकूम सरकारचाच होता. यावर नेहमीचा आक्षेप असा, की लॅटिन क्वार्टर या पॅरिसच्या विद्यार्थी-वस्तीतली चळवळी पोरे उचलून वनात नेऊन ठेवण्याचा तो डाव होता. तसा हेतू कोणाच्या मनात असेलही. पण नुसती ब्याद टाळायची असती, तर बाकालोरेआ, म्हणजे आपल्या बारावीच्या तोडीची परीक्षा, न झालेल्या नोकरदारांना प्रवेश देण्याची आणि त्यांच्यासाठी रात्री उशिरापर्यंत वर्ग चालवण्याची गरज काय होती? माझ्या मते व्हॅन्सेनचे खरे नवेपण या प्रवेशाच्या नियमात आहे.

प्रसिद्धी मात्र तत्त्वज्ञांना मिळाली. तत्त्वज्ञान विभाग उभारणारे मिशेल फुको 1970 मध्येच कोलेज द फ्रान्सला गेले. त्याच वर्षी गिशार या नव्या शिक्षणमंत्र्यांनी विभागाच्या पदव्यांची राष्ट्रीय मान्यता काढून घेतली. विद्यापीठ केवळ त्या नावांवर उभे असते, तर तिथेच खचले असते. उलट काही हजारांसाठी बांधलेल्या वर्गांत दशकाअखेर तीस हजारांच्या आसपास विद्यार्थी कोंबले गेले. लेखिका एलेन सिक्सू यांनी 1974 मध्ये स्त्री-अभ्यासाचे केंद्र काढले, तेही याच गर्दीत. मग 1980च्या उन्हाळ्यात सरकारनेच त्या इमारती पाडल्या, त्याचे काय? बाप असा वागेल का? पण सरकार म्हणजे एक माणूस नव्हे. फोर यांनी दिलेले तेव्हाच्या विद्यापीठमंत्री साउनिए-सेइते यांना नको होते. शिवाय पाडल्या त्या इमारती. विद्यापीठ गेले उत्तरेच्या सँ-दनी या कामगार उपनगरात, ज्यांच्यासाठी प्रवेश सैल केला होता अशांच्याच वस्तीत. शिक्षा म्हणून केलेली ही बदली मूळ हेतूला उपकारकच ठरली. 1998 पासून मेट्रोची 13 क्रमांकाची लाइन थेट विद्यापीठाच्या दारात थांबते.