'रॉजर' म्हणजे 'होय' नव्हे

पावसाळ्यात हिंदमाताचा चौक पाण्याखाली जाणे, ही आमच्या परिसराची जुनी ओळख. अशा दिवशी गुडघाभर पाण्यात उभा असलेला पोलीस शिपाई हातातील वायरलेस संचावर वरिष्ठांच्या प्रत्येक वाक्याला 'रॉजर, रॉजर' असे उत्तर देत असतो आणि फुटपाथवरील पोरे त्याची नक्कल करीत 'ओव्हर अँड आउट' असे ओरडतात. हे शब्द वैमानिकांच्या बोलण्यातून आणि चित्रपटांतून आपल्यापर्यंत आले. त्यांच्या चुकीच्या वापराने चौकात कोणाचे काही बिघडत नाही. आकाशात मात्र बिघडले आहे, आणि ते विमान आपल्याच मुंबईहून निघालेले होते.

आधी शब्दांचा अर्थ पाहू. मोर्सच्या कडकट्टच्या काळात संदेश पोहोचल्याची खूण म्हणून 'आर' हे अक्षर पाठवीत. 'रिसीव्ह्ड' या शब्दाचे ते आद्याक्षर. पुढे रेडिओवर प्रत्यक्ष बोलणे सुरू झाले, तेव्हा त्या अक्षराचे तत्कालीन वर्णमालेतील नाव 'रॉजर' हेच उत्तर म्हणून रूढ झाले. १९५६ साली नवी वर्णमाला आली, 'आर'चा 'रोमिओ' झाला, पण 'रॉजर' टिकून राहिला. त्याचा अर्थ एवढाच की, तुमचे बोलणे मला मिळाले. 'होय', 'मान्य आहे', 'तसे करतो' यांपैकी काहीही त्यात नाही. 'तसे करतो' यासाठी 'विल्को' हा वेगळा शब्द आहे. 'ओव्हर' म्हणजे माझे बोलून झाले, आता तुम्ही बोला. 'आउट' म्हणजे संभाषण संपले, उत्तर नको. दोन्ही एकत्र म्हणणे म्हणजे दारातल्या पाहुण्याला एका दमात 'बसा' आणि 'निघा' सांगण्यासारखे आहे.

विमानात रेडिओच नव्हता, तेव्हा हा प्रश्न उद्भवत नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्यांच्या एका इंजिनाच्या 'पुस मॉथ' विमानात रेडिओ नव्हता आणि वाटेत मार्ग दाखविणारी यंत्रणाही नव्हती. नंतर विमानांत वायरलेस ऑपरेटर बसू लागले. आम्ही साहाय्यक धर्मगुरू असताना आमच्या धर्मग्रामात असे एक वृद्ध गृहस्थ होते. तरुणपणी त्यांनी डाकोटा विमानांत काम केले होते. रविवारच्या मिस्सेनंतर त्यांना बोलते करणे हा आमचा आवडता उद्योग. ते म्हणत, "फादर, तो काटा केंद्राकडे बोट दाखवायचा खरा, पण पावसाळ्यात ढगात वीज चमकली की केंद्र सोडून विजेकडे वळायचा. नवख्या माणसाला वाटे, आपण बरोबर चाललोय." केंद्र अगदी विमानाखाली आले की काटा गर्रकन उलटा फिरे आणि तीच नेमक्या जागेची खूण. बाकी सारा वेळ, त्यांच्याच शब्दांत, "दिशा कळायची, ठिकाण नाही."

हा भेद पुढच्या हकीकतीचा गाभा आहे. युद्धानंतर 'व्हीओआर' ही अधिक अचूक केंद्रे आली. अशा एका केंद्रावरून विमानाला आपण कोणत्या रेषेवर आहोत हे कळते. दुसऱ्या केंद्राची रेषा पहिलीला जेथे छेदते, तेथे विमान असते. म्हणून विमानात दोन ग्राहकयंत्रे असतात. त्यांपैकी एक बंद पडले, तर उरलेल्या यंत्रावर आधी एक आणि मग दुसरे केंद्र लावावे लागते, आणि जेट विमान तोवर कित्येक मैल पुढे गेलेले असते.

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान मुंबईहून दिल्ली, बैरूतमार्गे जिनिव्हाकडे जात होते. बैरूत सोडतानाच त्याचे एक व्हीओआर यंत्र नादुरुस्त असल्याचे ठाऊक होते. विमानात ११७ माणसे होती; व्हिएन्नाच्या बैठकीस निघालेले डॉ. होमी भाभा त्यांत होते. कप्तानाचे आडनाव डिसोझा, आमच्या धर्मग्रामाच्या नोंदवहीत पानोपानी आढळणारे. विमान एकोणीस हजार फुटांवर होते आणि ४,८०७ मीटर उंचीचे माँ ब्लाँ शिखर त्याच्या वाटेवर होते. जिनिव्हाच्या नियंत्रकाने सांगितले की, ढगांच्या माथ्यापासून हजार फूट वर राहता येत असेल तरच खाली या, अन्यथा याच उंचीवर राहा. कप्तानाने ते स्वीकारले आणि आपण माँ ब्लाँला बाजूला टाकून पुढे जात आहोत असे वाटते, असे कळविले. रडारवर तसे दिसत नव्हते. नियंत्रकाने दुरुस्ती म्हणून सांगितले की, माँ ब्लाँपर्यंत तुम्हाला पाच मैल आहेत. उत्तर आले, 'रॉजर'. विमान खाली येऊ लागले आणि शिखराजवळ आदळले. कोणीही वाचले नाही.

त्या 'रॉजर'मध्ये कप्तानाने काय ऐकले होते? शिखर अजून पुढे आहे, हे की ते पाच मैलांवर, आपल्या वाटेपासून दूर आहे, हे? फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष असा की, वैमानिकाचा स्वतःच्या स्थानाचा अंदाज चुकला, नियंत्रकाला ती चूक दिसली, त्याने ती सुधारू पाहिली. पण पुरेशी नेमकी शब्दयोजना नसल्याने दुरुस्तीचा अर्थ चुकीचा लावला गेला. दुरुस्ती पोहोचल्याची पोच मिळाली, आणि ती समजल्याची खात्री कोणीच केली नाही.

आम्हा धर्मगुरूंना शब्दांच्या नेमकेपणाचे कौतुक नवे नाही. २०२० साली व्हॅटिकनने स्पष्ट केले की, स्नानसंस्कार देताना 'मी' ऐवजी 'आम्ही' म्हटले, तर तो संस्कार ग्राह्य नाही. (लेखात 'आम्ही' म्हणणारे आम्ही त्या वेळी मात्र काटेकोरपणे 'मी' म्हणतो.) काहींना हा कर्मठपणा वाटला. माँ ब्लाँची हकीकत वाचल्यापासून आम्हांला तसे वाटत नाही. आणि 'आमेन' या शब्दाचे आपल्याकडे काय होते, ते वाचकांनीच आपापल्या बाकावर आठवून पाहावे.

विमानविद्येने धडा घेतला, पण सावकाश आणि मोठ्या किमतीने. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफे येथे धावपट्टीवर दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळून ५८३ माणसे गेली. तेथेही 'आम्ही उड्डाणावर आहोत' अशा धर्तीच्या मोघम वाक्याचा हात होता. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरावा, असा दंडक आला. सूचना मिळाल्यावर नुसते 'रॉजर' न म्हणता ती शब्दशः परत म्हणून दाखविणे आवश्यक ठरले. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरी येथे दोन विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ जणांचा बळी गेला. वैमानिकांच्या इंग्रजीचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला, आणि २००८ पासून आंतरराष्ट्रीय वैमानिक व नियंत्रक यांना इंग्रजी संभाषणाची ठराविक पातळी गाठणे बंधनकारक झाले.

आपल्याकडे मात्र 'कांचनजंगा' आठवते ते भाभांच्या घातपाताच्या वावड्यांसाठी. कारस्थानाची गोष्ट रंगते. एका अर्धवट समजलेल्या वाक्याची रंगत नाही.

त्या डोंगरावरचे बर्फ अजून विमानातील वस्तू परत देत आहे. २०१२ साली भारत सरकारची राजनैतिक टपालाची थैली सापडली. २०२० साली भारतीय वृत्तपत्रे मिळाली, इंदिरा गांधी पंतप्रधान होणार असल्याच्या ठळक मथळ्याची. विमान पडले त्याच दिवशी दिल्लीत त्यांचा शपथविधी झाला होता.