जुन्या ट्रकचा बॉडी कंट्रोल मॉड्यूल बदलताना



आपल्यापैकी अनेकांच्या ड्राइव्हवेमध्ये कारच्या जोडीला एखादा जुना ट्रक उभा असतो. ट्रक म्हणजे आपल्याकडची मालवाहू गाडी नव्हे, अमेरिकेत पिकअपलाही ट्रकच म्हणतात. घर बदलताना, बागेसाठी माती आणताना, गणपतीचा मखर हॉलवर नेताना याच गाडीची आठवण होते. पण गाडी १५-२० वर्षांची झाली की इंजिन ठणठणीत असूनही वीज चित्रविचित्र वागू लागते. गॅरेजवाला म्हणतो, "बीसीएम गेलाय." मग प्रश्न पडतो की एवढा खर्च करायचा, की गाडी भंगारात द्यायची? निर्णय घेण्याआधी काय माहीत असावे, ते आम्ही येथे मांडत आहोत. उदाहरणादाखल १९९९ ते २००६ या काळातील शेव्हरले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा हे ट्रक घेतले आहेत. इतर गाड्यांत तपशील वेगळा असेल, क्रम साधारण हाच.

बीसीएम म्हणजे काय?

इंजिनासाठी वेगळा संगणक असतो. आतील दिवे, दारांची कुलुपे, सूचनेची घंटी, किल्ली काढल्यावर काही वेळ रेडिओ चालू ठेवणे आणि चोरीपासून संरक्षण ही कामे बीसीएमकडे असतात. या ट्रकमध्ये तो चालकाच्या बाजूला, डॅशबोर्डखाली असतो. इंजिनाच्या संगणकाशी तो एका वायरवरून बोलतो. यातील बहुतेक ट्रकमध्ये 'पासलॉक' यंत्रणा आहे. त्यात किल्ली साधीच असते, तिच्यात चिप नसते. कुलपातील सेन्सर बीसीएमला ठरलेला संकेत देतो. तो पटला तरच बीसीएम इंजिनाला इंधन चालू ठेवण्याची परवानगी देतो. संकेत पटला नाही, तर इंजिन सुरू होऊन क्षणात बंद पडते आणि 'सिक्युरिटी'चा दिवा लागतो.

दोष खरोखर बीसीएमचाच आहे का?

सर्वांत जास्त पैसे येथेच वाया जातात. वरची लक्षणे इतर, स्वस्त कारणांनीही दिसतात. म्हणून आधी हे तपासा:

१. बॅटरी. गाडी काही तास बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट असावेत. अशक्त बॅटरीने सगळेच संगणक भरकटतात.

२. फ्यूज आणि ग्राउंडच्या जोडण्या. थंड प्रदेशात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ग्राउंडच्या जोडण्या गंजतात. त्या उघडून, घासून पुन्हा घट्ट करा.

३. इग्निशन स्विच आणि पासलॉकचा सेन्सर. गाडी सुरू होऊन बंद पडत असेल, तर झिजलेला सेन्सर किंवा त्याची तुटकी वायर हे कारण असू शकते.

४. दाराच्या बिजागरीजवळच्या वायरी. वर्षानुवर्षे दार उघड-मीट करून त्या आतून तुटतात.

५. पाणी. विंडशील्डच्या कडेतून गळती असेल तर कनेक्टर उघडून हिरवट गंज पाहा. गळती न थांबवता नवा मॉड्यूल बसवला, तर तोही त्याच वाटेने जाईल.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर गाडी बंद करून, सगळे मॉड्यूल 'झोपेपर्यंत' थांबून मग प्रवाह मोजा. तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. स्वस्त कोड रीडर बहुधा 'पी'ने सुरू होणारे इंजिनाचे कोडच दाखवतो. येथे 'बी' आणि 'यू' कोड वाचणारे स्कॅनर लागते. गॅरेजवाल्याला एवढेच विचारा: "कोणते कोड मिळाले? बीसीएमला वीज आणि ग्राउंड नीट पोहोचतात हे मोजले का?" उत्तर मिळाले नाही, तर दुसरे गॅरेज पाहिलेले बरे.

नवा की जुना?

जुना मॉड्यूल स्वस्त पडतो, पण पार्ट नंबर आणि गाडीतील सुविधा जुळायला हव्यात. त्यात आधीच्या गाडीची माहितीही असते, म्हणून घेण्यापूर्वी तो आपल्या गाडीसाठी प्रोग्रॅम होईल याची खात्री करा. नवा मॉड्यूलही नुसता बसवून चालत नाही. आपल्या गाडीला कोणत्या सुविधा आहेत, हे त्याला शिकवावे लागते. हे काम डीलर करतोच, शिवाय योग्य उपकरण असलेली स्वतंत्र गॅरेजेसही करतात. भाव विचारताना मॉड्यूल, मजुरी आणि प्रोग्रॅमिंग यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या.

बदलण्याचा क्रम

किल्ली काढा. बॅटरीची ऋण तार सोडवा आणि काही मिनिटे थांबा. स्टिअरिंगजवळ एअरबॅगच्या वायरी असतात, त्यांच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका. कनेक्टर काढण्यापूर्वी फोटो काढा. खालचे पॅनेल उतरवून हात धातूला टेकवा, म्हणजे स्थिर वीज निघून जाईल. कनेक्टरची खिट्टी दाबून तो काढा, वायर धरून ओढू नका. नवा मॉड्यूल बसवून झाल्यावरच बॅटरी जोडा. त्यानंतर प्रोग्रॅमिंग करा. ते चालू असताना व्होल्टेज पडू नये म्हणून गॅरेजमध्ये बॅटरीला स्थिर पुरवठा जोडतात. तो मध्येच तुटला तर नवा मॉड्यूलही निकामी होऊ शकतो.

पासलॉक पुन्हा शिकवणे

हे घरी करता येते, सुमारे ३० मिनिटे लागतात. किल्ली 'ऑन' असते म्हणून आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा.

- इंजिन सुरू करायचा प्रयत्न करा. ते बंद पडले की किल्ली 'ऑन'वरच ठेवा.
- 'सिक्युरिटी'चा दिवा विझेपर्यंत थांबा. साधारण १० मिनिटे लागतात.
- किल्ली 'ऑफ' करून १० सेकंद थांबा.
- हेच आणखी दोनदा करा.
- तिसऱ्या फेरीनंतर किल्ली 'ऑफ' करून इंजिन सुरू करा. आता ते चालू राहायला हवे.

घाईने मध्येच किल्ली फिरवली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चहाचा थर्मास सोबत ठेवलेला बरा!

शेवटी तपासा

दारांची कुलुपे, आतील दिवे, घंटी आणि रिमोट एकेक करून पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, पुन्हा सुरू करून पाहा. जुने कोड पुसून घ्या आणि आठवडाभराने ते परत आले का ते बघा. पावती, पार्ट नंबर आणि तारीख गाडीच्या कागदांत ठेवा. पुढे गाडी विकताना ही कागदपत्रे उपयोगी पडतात.

ट्रकचा सांगाडा गंजून गेला असेल तर एवढा खर्च करण्यात अर्थ नाही. पण इंजिन, गिअर आणि सांगाडा धडधाकट असतील, तर केवळ एका डब्यापायी गाडी भंगारात देऊ नका. आधी तपासा, मग बदला.