वऱ्हाडच्या दमयंतीला साडी कोणी नेसवली?

लाल साडीतली दमयंती आणि तिच्यासमोर राजहंस. हे चित्र तुम्ही कॅलेंडरवर, साडीच्या जाहिरातीत नाहीतर एखाद्या रीलमध्ये नक्की पाहिलं असेल. राजा रवि वर्मा यांनी ते 1899 साली रंगवलं. दमयंती ही विदर्भाचा राजा भीम याची मुलगी. त्याची राजधानी कुंडिनपूर म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातलं, वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर, असं मानतात. रुक्मिणीचं माहेरही हेच. थोडक्यात, दमयंती वऱ्हाडची लेक.

मग जुन्या विदर्भातल्या राजकन्या खरंच अशी साडी नेसायच्या का?

साडी ठरली कशी?

1888 साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी रवि वर्मांना पुराणातल्या प्रसंगांवर 14 चित्रं काढायचं काम दिलं. त्यात नल-दमयंतीही होते. अडचण कपड्यांची होती. देवादिकांचा, राजकन्यांचा पेहराव नेमका कसा दाखवायचा? त्याच्या शोधात रवि वर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ राज वर्मा उत्तर भारतात फिरले. पण साऱ्या देशाला आपला वाटेल असा एकच जुना पेहराव काही सापडला नाही. शेवटी त्यांनी आपल्या काळातली साडी निवडली. तेलरंगात रेशमाची चमक, जरीचे काठ आणि निऱ्या इतक्या हुबेहूब उतरल्या, की बघणाऱ्याला वाटावं, दमयंती अशीच दिसत असणार.

कथा काय सांगते?

महाभारताच्या वनपर्वात दमयंतीच्या वस्त्रावरच कथा वळण घेते. नल जुगारात राज्य हरतो. वनात त्याचं उरलेलं वस्त्र पक्षी पळवून नेतात. मग दोघं एकाच वस्त्रात राहतात. एका रात्री नल ते अर्धं कापून घेतो आणि झोपलेल्या दमयंतीला सोडून निघून जातो.

जुन्या विदर्भाचा पुरावा

विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्म इथे होती. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम, जे 1998 पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं. याच शाखेचा राजा हरिषेण याच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्यातली बरीच लेणी घडली. 16 क्रमांकाचं लेणं तर त्याचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलं. तिथल्या चित्रांत राण्या कमरेला तलम वस्त्र आणि अंगभर दागिने घालून दिसतात. कित्येकींच्या अंगावर वरचं वस्त्र नाही. उलट पहिल्या लेण्यातली नर्तकी लांब बाह्यांचा, शिवलेला कपडा घालून नाचते आहे. म्हणजे शिवणकाम तेव्हाही होतं, पण राणीचा थाट त्यावर अवलंबून नव्हता.

छापखान्यातून फॅशनपर्यंत

1894 साली रवि वर्मांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दादासाहेब फाळके यांनीही सिनेमाकडे वळण्याआधी तिथे काम केलं होतं. छापील चित्रं स्वस्त होती. राजवाड्यातली लक्ष्मी-सरस्वती सामान्यांच्या देवघरात आली, आणि त्यांच्यासोबत त्यांच्या साड्याही. लोक हौसेने या चित्रांवर जरी आणि टिकल्या चिकटवून देवींना सजवत.

आजही ही ओढ कायम आहे. 2008 साली चेन्नईत रवि वर्मांची चित्रं विणलेली एक रेशमी साडी सुमारे 39 लाख रुपयांना विकली गेली आणि गिनीज बुकात नोंदली गेली. 2020 च्या एका कॅलेंडरसाठी छायाचित्रकार जी. वेंकट राम यांनी अभिनेत्रींना त्यांच्या चित्रांसारखं सजवून फोटो काढले.

मग चित्र खोटं का?

नाही. ते रवि वर्मांच्या काळाचं खरं चित्र आहे, दमयंतीच्या काळाचं नाही. रुक्मिणी स्वयंवराच्या कार्यक्रमात मुलीला तशी साडी खुशाल नेसवा. पण ‘आपल्याकडे बायका हजारो वर्षं अश्शाच राहायच्या’ असं म्हणत कोणी हे चित्र पुरावा म्हणून पाठवलं, तर त्याला अजिंठ्याचा फोटो पाठवा. वऱ्हाडच्या राजांच्या काळातलाच आहे तो.