महारेरा संकेतस्थळ (वऱ्हाडातील गृहप्रकल्प)

महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे नोंदणी-संकेतस्थळ. केंद्राच्या 2016 च्या कायद्यानुसार प्राधिकरण 1 मे 2017 पासून कार्यरत. अमरावती-अकोल्यात बांधकाम चालू असतानाच सदनिका विकल्या जातात तेव्हा गिऱ्हाइकाचे हप्ते हेच बिल्डरचे भांडवल ठरते. म्हणून ही नोंदणी मोलाची. 500 चौ. मी.पर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेले प्रकल्प वगळता नोंदणीशिवाय बुकिंग घेता येत नाही. जमेपैकी 70 टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून जमीन व बांधकामावरच खर्चायची. अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांविना ती काढता येत नाही. गुंतवणूकदाराला खरा आधार या अटीचाच. शेतजमिनीचा सातबारा मात्र महाभूलेख या राज्याच्या भूमी अभिलेख संकेतस्थळावर, अमरावती विभागात, वेगळा पाहावा लागतो. 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे.