धक्क्यावरचा सौदा

जमैकाच्या ईशान्य किनाऱ्यावर पोर्ट अँटोनिओ हे बंदर आहे. त्याच्या पश्चिमेला काही मैलांवर रिओ ग्रांदे नदी समुद्राला मिळते. डोंगरातून येणाऱ्या या नदीतून एकेकाळी बांबूच्या लांबट तराफ्यांवर केळीचे घड लादून बंदराकडे आणत. १८७०च्या सुमारास लोरेन्झो डाउ बेकर या अमेरिकन कप्तानाने जमैकाची केळी आपल्या देशात विकायला सुरुवात केली. त्या धंद्यातून १८८५ मध्ये बोस्टन फ्रूट कंपनी आणि १८९९ मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. केळी न्यायला दक्षिणेकडे येणाऱ्या जहाजांत माल थोडाच असे, म्हणून त्यांत हौशी प्रवासी घेतले जाऊ लागले. पांढऱ्या रंगाची ही जहाजे ‘ग्रेट व्हाइट फ्लीट’ म्हणून गाजली, आणि कॅरिबियन बेटांवरच्या जलपर्यटनाचा एक मोठा उगम केळीच्या या व्यापारात आहे. पुढे नदीवरची केळीची वाहतूक संपली, पण तराफे राहिले. त्यावर पाहुण्यांना बसवून फिरवण्याची प्रथा रुळवल्याचे श्रेय दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे राहायला आलेल्या एरॉल फ्लिन या हॉलिवूडच्या नटाला दिले जाते. त्याने आणलेली नवी गोष्ट एकच, तराफ्यावरचे आसन. नदीच्या वळणांची माहिती आणि लांब काठीने तराफा सावरण्याचे कसब खेड्यातल्या माणसांकडे आधीपासून होते.

हे उदाहरण आधी मांडण्याचे कारण असे की, क्रूझवरच्या प्रवाशांत आज एक वाद नेहमी चालतो: बंदरात जहाज लागल्यावर सहल जहाजाच्या काउंटरवरून घ्यावी, की खाली उतरून स्वतःची स्वतः ठरवावी? या वादात जहाजाची सहल ही मूळची, सरळ वाट आणि स्वतंत्र सहल ही पैसे वाचवणाऱ्यांची किंवा धाडसी लोकांची आडवाट, असे गृहीत धरलेले असते. इतिहास याच्या उलट आहे. पाहुण्याला बेट दाखवण्याचा धंदा बेटावरच्या माणसांनी जन्माला घातला, आणि जहाज कंपन्यांनी तो मुख्यतः गेल्या पन्नास-साठ वर्षांत आपल्या हाती घेतला. ग्रँड केमनच्या नॉर्थ साउंडमध्ये उथळ वाळूवर पाकट मासे माणसांभोवती फिरतात, कारण तिथले कोळी पिढ्यान्‌पिढ्या त्या संथ पाण्यात मासळी साफ करत आणि पाकटांना आयते खाणे मिळे. बहामात १९३८च्या रोगाने समुद्री स्पंजाचा धंदा बुडाला, तेव्हा ताडाच्या झापांच्या टोपल्या आणि टोप्या विणणाऱ्या बायकांनी घरे सावरली, आणि नासाउचा प्रसिद्ध ‘स्ट्रॉ मार्केट’ त्यांच्या कष्टावर वाढला. आज ज्या ठिकाणांची तिकिटे जहाजावर विकली जातात, त्यांतली कितीतरी अशीच कुणाच्या तरी उपजीविकेतून निघालेली आहेत.

जहाज कंपन्यांनी हा धंदा हाती घेण्यापूर्वी घासाघीस खुद्द धक्क्यावर होई. जुन्या बंदरांत जहाज आले की होड्या त्याला घेरत. फळे, शंख, विणकाम विकले जाई, आणि घोडागाडीवाला, पुढे मोटारवाला, थेट प्रवाशाशी भाडे ठरवी. सेंट थॉमस बेटावरचे शार्लट अमाली आणि सेंट लुशियाचे कॅस्ट्रीज ही कोळसा भरण्याची मोठी बंदरे होती, आणि डोक्यावर टोपली घेऊन फळीवरून जहाजात कोळसा चढवण्याचे काम बहुतांशी बायका करत. १८९२ मध्ये सेंट थॉमसला, तेव्हाच्या डॅनिश अमलात, या कोळसेवाल्यांनी क्वीन कोझाया या स्त्रीच्या पुढारपणाखाली संप केला. भाव घसरलेल्या मेक्सिकन चांदीच्या नाण्यांत मजुरी नको, चालू डॅनिश चलनात द्या, ही त्यांची मागणी होती आणि ती मान्य झाली. ही गोष्ट सहलींची नाही, तरी आपल्या विषयाच्या गाभ्याशी तिचा संबंध आहे. जहाजाला बेटाची गरज होती आणि ती गरज धक्क्यावरच्या गरीब बाईलाही ठाऊक होती. तिच्या हातात थोडे बळ होते ते त्यामुळे.

हे बळ कसे गेले, याची सुरुवात मायामीत होते. १९५८ नंतर जेट विमानांनी अटलांटिक ओलांडणारी प्रवासी जहाजे निकामी केली. क्यूबातल्या क्रांतीनंतर हवाना अमेरिकन पर्यटकांना बंद झाले आणि जहाजे जमैका, बहामा, व्हर्जिन बेटांकडे वळली. १९६६ मध्ये टेड अॅरिसन आणि नॉर्वेचे क्नूट क्लॉस्टर यांनी ‘सनवर्ड’ हे जहाज मायामीहून नियमित फेऱ्यांसाठी आणले. १९६८ मध्ये रॉयल कॅरिबियन आणि १९७२ मध्ये अॅरिसन यांची कार्निव्हल कंपनी निघाली. जुन्या जलपर्यटनात मोजके श्रीमंत लोक मोठे भाडे भरत. नव्या धंद्याचे गणित वेगळे होते: तिकीट स्वस्त ठेवायचे, जहाज भरायचे आणि प्रवासी आत आला की मद्य, जुगार, दुकाने, छायाचित्रे आणि किनाऱ्यावरच्या सहली यांतून कमवायचे. २०१९ मध्ये कार्निव्हलच्या सुमारे २१ अब्ज डॉलर उत्पन्नापैकी तीस टक्क्यांच्या आसपास रक्कम तिकिटाबाहेरच्या अशा विक्रीतून आली. या गणितात बंदर म्हणजे विक्रीची आणखी एक जागा. न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ रॉस क्लाइन यांनी या उद्योगावर अनेक वर्षे लिहिले आहे. प्रवासी सहलीसाठी जे पैसे मोजतो त्यातला निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा जहाजाकडेच राहू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. गाडी बेटावरची, चालक बेटावरचा, धबधबाही बेटावरचाच. कंपनीच्या हाती असते ती प्रवाशापर्यंत सर्वांत आधी पोहोचण्याची संधी, आणि सगळी किंमत त्या संधीची आहे.

याच्या पुढची पायरी मला अधिक चिंतेची वाटते. अमेरिकेच्या १८८६च्या कायद्यानुसार परदेशी झेंड्याखालचे जहाज अमेरिकन बंदरांमध्येच प्रवाशांची वाहतूक करू शकत नाही. मायामीहून निघून मायामीलाच परतणाऱ्या अशा क्रूझला वाटेत एखादे परदेशी बंदर घ्यावेच लागते. बेटांना या कायद्याने नकळत मोठी ताकद दिली होती. पण क्लॉस्टर यांच्या नॉर्वेजियन कंपनीने १९७७ मध्ये बहामातले ग्रेट स्टिरप के हे छोटे बेट विकत घेतले आणि नवी वाट दाखवली: बहामाचे बेट कायद्याने परदेशच, मग त्यावर स्वतःचीच मालकी असली तर काय बिघडले? १९८६ मध्ये रॉयल कॅरिबियनने हैतीचा लाबाडी हा किनारा भाडेपट्ट्याने घेऊन कुंपण घातले. १९९८ मध्ये डिस्नेचे कॅस्टअवे के आले. २०१९ मध्ये बहामातल्याच कोको के बेटाचा कायापालट करून तिथे मोठे जलक्रीडा उद्यान उभारले गेले, त्याचे तिकीट वेगळे. बेलीझमध्ये २०१६ साली हार्वेस्ट के सुरू झाले आणि जुलै २०२५ मध्ये कार्निव्हलने ग्रँड बहामा बेटावर सेलिब्रेशन की उघडले. अशा ठिकाणी स्वतंत्र सहल जवळपास अशक्य होते. जिथे खरे गाव आहे तिथेही फाटक उभे राहते. जमैकातले फालमाउथ हे अठराव्या शतकातल्या साखरेच्या व्यापारावर वाढलेले, जुन्या जॉर्जियन इमारतींचे सुंदर शहर. २०११ मध्ये तिथे प्रचंड जहाजांसाठी नवा धक्का झाला आणि धक्क्याच्या आवारातच दुकाने झाली. तेव्हापासून शहरातल्या व्यापाऱ्यांची तक्रार आहे की प्रवासी एक तर आवारात थांबतात, नाही तर बसमध्ये बसून गावाबाहेर निघून जातात.

यावर कुणी म्हणेल की बेटांची सरकारे सार्वभौम आहेत, त्यांनी कर लावून आपला वाटा घ्यावा, प्रवाशाच्या दिवसभराच्या निवडीवर एवढे ओझे कशाला? सरकारांनी प्रयत्न केले आहेत. नव्वदच्या दशकात कॅरिबियन देशांनी एकत्र येऊन माणशी किमान कर ठरवू पाहिला, पण कंपन्यांनी दुसऱ्या बंदरात जाण्याची भीती घातली आणि एकी फुटली. १९९९ मध्ये ग्रेनाडाने कचरा व्यवस्थापनासाठी प्रवाशामागे दीड डॉलरचा आकार सोडायला नकार दिला, तेव्हा कार्निव्हलने त्या बेटावर जाणेच थांबवले. दीड डॉलर! अगदी अलीकडे मेक्सिकोसारख्या मोठ्या देशाने क्रूझ प्रवाशामागे ४२ डॉलर आकारायचे ठरवले आणि वाटाघाटींनंतर २०२५ मध्ये सुरुवात ५ डॉलरपासून केली. मेक्सिकोची ही गत, तर लाखभर वस्तीच्या ग्रेनाडाने काय करावे? करातून मिळणारा वाटा असा तोकडा असताना, प्रवासी किनाऱ्यावर थेट स्थानिकाच्या हातात देतो ते पैसे बेटासाठी फार मोलाचे ठरतात. म्हणूनच स्वतंत्र सहलीची निवड क्षुल्लक मानता येत नाही.

स्वतंत्र सहलीवरच्या आक्षेपांत सर्वांत वजनदार आक्षेप वेळेचा आहे. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबते. स्वतंत्र गेलेल्यासाठी थांबत नाही, आणि मग पुढचे बंदर स्वतःच्या खर्चाने गाठावे लागते. हा धोका खरा आहे. त्यात घड्याळाचा घोळ मिसळतो: उन्हाळ्यात मायामीची घड्याळे एक तास पुढे जातात, जमैकाची जात नाहीत. जहाजाने मायामीची वेळ कायम ठेवली असेल, तर गावातले घड्याळ बघून परतणारा तासभर उशिरा पोहोचतो. लांबचा डोंगराळ पल्ला, एकच रस्ता आणि दुपारी लवकर सुटणारे जहाज असे जुळून येत असेल तर जहाजाचीच सहल घ्यावी, यात कमीपणा काही नाही. पण बहुतेक बंदरांत जहाज सात-आठ तास उभे असते आणि पाहण्यासारखी बरीच ठिकाणे तासाभराच्या अंतरात असतात. शिवाय धक्क्यावरच्या ज्या चालकाचे पोट दर आठवड्याला येणाऱ्या जहाजांवर आहे, त्याला एक प्रवासी मागे राहण्याची बदनामी परवडणारी नसते.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र वाटतो तितका भक्कम नाही. जहाजावर विकली गेलेली सहल म्हणजे कंपनीची जबाबदारी, असे प्रवासी धरून चालतो, पण सहल चालवणारा हा स्वतंत्र कंत्राटदार आहे, त्याच्या चुकीला आम्ही बांधील नाही, असे तिकिटाच्या अटींत लिहिलेले असते. डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिकोच्या कोस्टा माया बंदरातून चाकचोबेनच्या माया अवशेषांकडे निघालेली क्रूझ प्रवाशांची बस उलटून १२ जण गेले. ती सहल जहाजावरून विकलेली होती. म्हणजे दोन्ही वाटांनी रस्ता तोच आणि गाडीही बऱ्याचदा तीच. उलट बेटांनी स्वतःच्या व्यवस्था उभ्या केल्या आहेत, त्यांच्याकडे लक्ष द्यायला हवे. जमैकात परवानाधारक प्रवासी वाहनाची पाटी लाल असते, बार्बाडोसमध्ये टॅक्सीच्या क्रमांकाआधी ‘झेड’ असतो आणि अमेरिकन व्हर्जिन बेटांत टॅक्सीचे दर सरकार ठरवून प्रसिद्ध करते. धक्क्याबाहेर अंगावर येणाऱ्या विक्रेत्यांचा त्रास होतो, हेही खरे. पण फाटकातून बाहेर पडणारे प्रवासी जितके कमी, तितके प्रत्येकाभोवती विक्रेते जास्त. कोंडी वाढवून हा त्रास घटणार नाही.

आणखी दोन गोष्टींना उत्तर दिले पाहिजे. पूर्वी सगळे गोड होते, असे मी म्हणत नाही. पोर्ट अँटोनिओत केळी, जहाजे आणि टिचफिल्ड हॉटेल ही सगळी बेकरच्याच धंद्याच्या हातात होती. आज काही बेटांवर टॅक्सी संघटनांचीही मक्तेदारी आहे आणि नव्या तरुण चालकाला त्यांत शिरणे कठीण जाते. तरीही या भांडणांत दोन्ही पक्ष बेटावरचेच असतात, आणि त्यांचा निवाडा तिथल्या मतदारापुढे होऊ शकतो. दुसरी गोष्ट आपल्या जवळची. या जहाजांवर गोव्याचे तारवटी, मुंबईची आणि कोकणातली मुले मोठ्या संख्येने राबतात, त्यांच्या पैशावर गावाकडे घरे उभी राहिली आहेत. कंपनीचा नफा घटला तर त्यांचे काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. पण खोली साफ करणाऱ्याला मिळतो तो कराराचा पगार आणि बक्षिसी. सहलींवरच्या दलालीत त्याचा वाटा नाही. जमैकाचा चालक आणि गोव्याचा खलाशी यांना एकमेकांसमोर उभे करण्याचे कारण नाही, दोघेही त्याच साखळीच्या शेवटच्या टोकाला आहेत.

निवड खरे तर धक्क्यावर पोहोचण्याच्या कितीतरी आधी होते. पाच दिवसांच्या क्रूझमध्ये दोन थांबे कंपनीच्या खासगी बेटावर असतील, तर त्या दोन दिवसांत स्वतंत्र सहलीचा प्रश्न उरतच नाही. म्हणून तिकीट काढताना जहाजावर किती तरणतलाव आहेत यापेक्षा थांब्यांची यादी आधी वाचावी: ब्रिजटाउन, कॅस्ट्रीज, डोमिनिकाचे रोसो, सेंट जॉर्जेस अशी नांदती गावे त्यांत किती आहेत आणि जहाज तिथे किती तास थांबते. रोसोहून ट्राफाल्गरचे जोड धबधबे काही मैलांवर आहेत आणि २०१७च्या मारिया वादळात उद्ध्वस्त झालेल्या त्या बेटावर वाट दाखवणारी माणसे आजही धक्क्याबाहेर उभी असतात.