सक्तीचा विमा आणि औद्योगिक ठाणे-डोंबिवली : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
औद्योगिक अपघाताची झळ कामगाराइतकीच परिसरातील रहिवाशालाही बसते. या धोक्याची आर्थिक जबाबदारी कारखानदारावर सक्तीने टाकण्याची कल्पना युरोपात प्रथम रुजली. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८३ मध्ये आजारपणाचा व १८८४ मध्ये अपघाताचा सक्तीचा विमा सुरू झाला. भारतात हीच कल्पना टप्प्याटप्प्याने आली. ठाणे, कल्याण व डोंबिवली या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात या टप्प्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कामगाराचे संरक्षण :
१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मालकावर भरपाईचे दायित्व टाकले. परंतु विमा उतरविण्याची सक्ती केली नाही. परिणामी मालक दिवाळखोर झाल्यास मृत कामगाराच्या कुटुंबाचा हक्क कागदावरच राहत असे. ही उणीव दूर करण्याच्या दृष्टीने प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये सादर केलेला अहवाल महत्त्वाचा ठरला. त्यातून कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ साकार झाला. मालक व कामगार या दोघांच्या वर्गणीतून निधी उभारणारी ही योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली आणि पुढे अन्य औद्योगिक केंद्रांत विस्तारली. ठाण्यातील वागळे इस्टेट व उल्हासनगर येथील कामगार विमा रुग्णालये ही तिचीच फलश्रुती होय. पुढे या अधिनियमातील तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आल्या.

भिंतीबाहेरचा नागरिक :
१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. डोंबिवलीत महामंडळाच्या वसाहतीत रासायनिक कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या निकट निवासी वस्तीही वाढत गेली. कामगार विम्याच्या कक्षेत या वस्तीतील रहिवासी येत नव्हता. डिसेंबर १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेने हीच पोकळी देशासमोर उघडी केली. त्यानंतर सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ संमत झाला व १ एप्रिल १९९१ पासून अमलात आला.

घातक पदार्थ हाताळणाऱ्या मालकास विमा घेणे या कायद्याने बंधनकारक केले. कामगाराव्यतिरिक्त अन्य कोणासही इजा झाल्यास मालकाचा दोष सिद्ध न करता मदत मिळण्याची सोय त्यात होती. जिल्हाधिकाऱ्याने अपघाताची खातरजमा करून त्यास प्रसिद्धी द्यावी व अर्ज मागवावेत. अर्जदारास पाच वर्षांपर्यंत अर्ज करता यावा आणि अर्जाचा निकाल शक्यतो तीन महिन्यांत लागावा, अशी ही योजना होती.

तथापि मूळ अनुसूचीत मृत्यूसाठी २५,००० रुपये, वैद्यकीय खर्चासाठी कमाल १२,५०० रुपये आणि मालमत्तेच्या हानीसाठी कमाल ६,००० रुपये इतकीच तरतूद होती. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीतील रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट झाला. त्याच्या हादऱ्याने दूरवरच्या इमारतींची तावदाने फुटली. तेव्हाही १९९१ चेच आकडे लागू होते. पंचवीस वर्षांच्या महागाईत ६,००० रुपयांत घराची दुरुस्ती होणे अशक्यप्राय होते. जनविश्वास अधिनियम, २०२३ ने कायद्यातील तुरुंगवासाऐवजी आर्थिक दंडाची तरतूद केली आणि त्यानंतर मदतीच्या रकमाही नियमांद्वारे वाढविण्यात आल्या. दरम्यान २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीत पुन्हा प्राणघातक स्फोट झाला.

समारोप :
या इतिहासातून असे दिसते की, भारतात सक्तीच्या विम्याचे कवच प्रथम कारखान्याच्या आत मिळाले आणि भिंतीबाहेर पोहोचण्यास आणखी चार दशके लागली. कायदा झाल्यानंतरही रक्कम गोठलेली राहिल्यास सक्ती केवळ नावापुरती उरते. शिवाय मदत अर्जावर अवलंबून असल्याने, आपला हक्क ठाऊक नसलेला रहिवासी तिच्यापासून वंचित राहण्याची शक्यता असते. म्हणूनच विम्याच्या सक्तीइतकीच त्या हक्काची माहिती वस्तीपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.